ते वर गेलेले दोन शॉट

पत्र:

«ताई, नमस्कार. मी कोल्हापूरची, वय 21. तीन वर्षं 10 मीटर एअर पिस्तूल केलं आणि आठ महिन्यांपूर्वी 25 मीटर स्पोर्ट पिस्तूलकडे वळले. पिस्तूल क्लबचं आहे, .22 बोअरचं. एअरमध्ये माझा ग्रुप चांगला यायचा, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागायच्या, इथे मात्र गोळ्या खाली जातात. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश मारायच्या टप्प्यात, पाचाच्या सीरिजमध्ये दोन शॉट नऊ-दहाच्या कड्यात आणि तीन खाली सातात, थोडे डावीकडे. रॅपिडला, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात, त्याहून वाईट, सरळ खाली सहा-सातात. सर म्हणतात, ‹तू ट्रिगर झटकतेस.› मैत्रीण म्हणते, साइटच खाली आहे. शेवटी मी रिअर साइट, म्हणजे मागची खाचेची साइट, स्क्रू फिरवून आठ क्लिक वर घेतली. दोन दिवस बरं वाटलं. आता खालचे शॉट नवात येतात, पण प्रत्येक सीरिजमध्ये एक-दोन शॉट वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, सात-आठात जातात. ते आता वर का जातायत तेही कळेना. राज्य स्पर्धा अडीच महिन्यांवर आली आहे. क्लबकडे पिस्तूल बदलून मागू का?»

उत्तर:

अगं, पिस्तूल बदलून मागू नकोस. निदान आत्ता तरी नको.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटाकडे आहे आणि ते तू तक्रार म्हणून लिहिलंयस: एक-दोन शॉट वर जातात. मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझ्या मते ते त्या सीरिजमधले तुझे सर्वांत स्वच्छ सुटलेले शॉट आहेत. साइट वर घेण्याआधी हेच शॉट नऊ-दहात बसत होते. आठ क्लिकनी पिस्तुलाचा मार वर सरकला, आणि ज्या शॉटला तुझ्या हाताने कसलाही धक्का दिला नाही तो पिस्तुलाने नेलं तिथे, म्हणजे वर, जाऊन बसला. ज्या शॉटला हाताने खाली दाबलं तो आता नवात दिसतो. म्हणजे चुकीला नऊ गुण मिळतायत आणि चांगल्या कामाला सात. असाच सराव चालू राहिला तर दोन महिन्यांत तुझा हात नेमकं काय शिकेल, याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून पुढचं काही वाचण्याआधी ठरव: उद्या रेंजवर गेल्यावर ते आठ क्लिक मोजून परत खाली घ्यायचे.

हे मी कशावरून म्हणते? साइट चुकीची लागली असेल तर ती पाचही शॉटना सारखंच चुकवते. पाचही गोळ्या खाली, पण एकमेकींना चिकटून लागल्या असत्या, तर मीच तुला क्लिक फिरवायला सांगितलं असतं. तुझ्या दोन गोळ्या नऊ-दहात होत्या आणि तीन सातात. पिस्तूल तेच, साइट तीच, डब्यातली काडतुसं तीच. दोघींना बरोबर नेऊन तिघींना खाली सोडणारी साइट मी अजून पाहिलेली नाही. पाचांत बदलणारी वस्तू एकच असते, आणि ती आपल्या खांद्याला जोडलेली असते.

आता जरा हिशेब करू, कारण आकडे समजले की अर्धी भीती जाते. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं कडं 50 मिलीमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक कडं 25 मिलीमीटर रुंद. खाली सातात लागलेली गोळी म्हणजे मध्यापासून 75 ते 100 मिलीमीटर खाली. आपण 85 धरू. स्पोर्ट पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 220 मिलीमीटर असतं. तुझ्या पिस्तुलाचं तेवढंच आहे असं समज. मग गोळी 85 मिलीमीटर खाली जायला फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाची साइट, रिअरच्या खाचेत किती खाली बसायला हवी? पाऊण मिलीमीटर. तुझ्या पाकिटातल्या एटीएम कार्डाची जाडी तेवढीच असते, काढून बघ.

उलट मनगटाचा कोन अजिबात न बदलता अख्खा हात खाली आला, तर तेवढ्याच चुकीसाठी तो चांगला चार बोटं खाली यावा लागेल. तसा आला तर तुला कळल्याशिवाय राहील का? हात हलतो. सगळ्यांचा हलतो, पदकवाल्यांचाही. नवीन मुलं त्या हलण्यालाच घाबरतात, ‹आत्ता मध्यावर आलं, आत्ता मार› असं करतात आणि तिथेच घात होतो. हलणाऱ्या हातातही फ्रंट साइट खाचेत सरळ बसलेली असेल तर नऊ कुठे जात नाही. सात लागतो तो मनगट वाकल्यामुळे.

मग मनगट का वाकतं, आणि एअरमध्ये का वाकत नव्हतं?

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन नियमाने किमान 500 ग्रॅम, स्पोर्ट पिस्तुलाचं किमान 1000. तुझ्या तर्जनीने तीन वर्षं अर्ध्या किलोचा हिशेब पाठ केलाय. आता तिच्यापुढे दुप्पट ओझं आलं, तर ती एकटी ते उचलत नाही, शेजारच्या तिघी बोटांना मदतीला बोलावते. मूठ आवळली जाते, आणि खालची बोटं आवळली की नळीचं तोंड खाली झुकतं. त्यातच तर्जनी सरळ मागे येण्याऐवजी आतल्या बाजूला ओढली गेली, तर उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी डावीकडे सरकते. ‹खाली आणि थोडं डावीकडे› असं तू लिहिलंस त्यावरून तू उजव्या हाताने मारतेस असं मी धरलंय. डावखुरी असशील तर कळव. मग डाव्या-उजव्याचा अर्थ उलटा घ्यावा लागेल आणि मला माझं उत्तर पुन्हा तपासावं लागेल.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मुली सांगायला लाजतात. आवाज. एअर पिस्तूल ‹टप्› करतं. .22 चा धक्का फार नसतो, पण आवाज असतो, आणि शेजारच्या लेनमध्ये कुणी .32 सेंटर फायर, म्हणजे मोठ्या काडतुसाचं पिस्तूल, घेऊन उभा असेल तर छतामुळे तो घुमतो. शरीर फार लवकर शिकतं. आवाज होणार हे कळलं की तो होण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट खाली दाबतं. याला भित्रेपणा म्हणू नकोस. गरम तव्याला हात लागायच्या आधी मागे येतो ना, तसंच हे आहे. फक्त इथे हात मागे येत नाही, खाली जातो. कानात प्लग आणि वर इयर मफ असं दोन्ही घालायला लाग. किती जणांचा अर्धा आजार एवढ्यानेच गेलेला मी पाहिलाय.

हे तुला स्वतःला दिसत का नाही, तेही समजून घे. सगळी गडबड ट्रिगर सुटण्याच्या शेवटच्या दशांश सेकंदात होते. डोळ्यांनी बघून हात आवरायला माणसाला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. आणि लगेच धक्क्याने पिस्तूल वर उडतं, म्हणजे मनगट खाली गेल्याचा पुरावाच पुसला जातो. तू प्रामाणिकपणे म्हणतेस, ‹ताई, मी तर नीट धरलं होतं.› तुला तसंच दिसलं होतं.

म्हणून पुरावा पुसला जाणार नाही अशी सोय करायची. तुझ्या सरांना सांग, पाच राउंडच्या मॅगझिनमध्ये दोन प्लॅस्टिकचे डमी राउंड, म्हणजे खोटी काडतुसं, मिसळून, तुला न दाखवता भरून द्या. कितवा डमी आहे ते तुला माहीत नको. तू नेहमीसारखा नेम धर, ट्रिगर दाब. डमीवर जेव्हा नुसतं ‹टक्› होईल तेव्हा धक्का नसेल, आवाज नसेल, आणि नळीचं तोंड खाली डुचकी मारताना तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार वाईट वाटतं. मी मोठ्या वयाच्या माणसांना तिथे खाली बसताना पाहिलंय. पण त्याच क्षणी सरांशी आणि मैत्रिणीशी चाललेला वाद संपतो.

एक काळजी मात्र घेच. हा सराव रेंजवर, सर शेजारी उभे असताना करायचा, एकटीने किंवा घरी करायचा नाही. ‹टक्› झालं म्हणजे तो डमीच होता असं धरून चालू नकोस. नळी टार्गेटकडेच ठेवून थांब, सरांनी सांगितल्यावरच स्लाइड ओढ. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित असतं, पण असतं.

सर ‹ट्रिगर झटकतेस› म्हणाले ते मला बरोबरच वाटतं. फक्त त्यांनी तुला आजाराचं नाव सांगितलं, औषध सांगायचं राहिलं असेल, किंवा त्यांनी सांगितलं आणि तुला तेव्हा ते कळलं नसेल. ‹झटकू नकोस› असं स्वतःला बजावून झटका जात नाही, उलट बोट आणखी घाबरतं. औषध वेगळंच आहे. पिस्तूल वरून खाली नेमाच्या जागेत आणत असतानाच ट्रिगरची पहिली ओढ पूर्ण घेऊन टाक. किलोतला बराचसा भार तिथेच बोटावर आला पाहिजे, म्हणजे शेवटी उचलायला थोडाच उरतो. तू बहुधा एअरच्या सवयीने नेम स्थिर होईपर्यंत बोट मोकळं ठेवतेस आणि मग सगळा किलो एकदम उचलायला जातेस. सर बाजूला उभे राहून नुसतं तुझं बोट बघत राहिले तर हे दोन सीरिजमध्ये कळेल. आणि मूठ: पिस्तूल उचलताना जेवढा दाब दिलास तेवढाच शॉटनंतरही राहिला पाहिजे. सैल चालेल, घट्ट चालेल, बदललेला चालणार नाही.

ग्रिपही बघ. क्लबचं पिस्तूल बहुतेक वेळा मोठ्या हाताच्या पुरुषांसाठी घेतलेलं असतं. लाकडी ग्रिप तुझ्या तळव्याला मोठी असेल तर तर्जनी ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकानेच पोचते, आणि टोकाने ओढलं की ओढ तिरकीच होते. बऱ्याच मॅच पिस्तुलांचा ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो. सरांकडून तो तुझ्या बोटाच्या पहिल्या पेराच्या मध्यावर येईल असा लावून घे. त्याच वेळी ट्रिगरचं वजनही तपासून घे. स्पर्धेत तपासतात तसं, 1000 ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून उचलायचं. ते आरामात उचललं जात असेल आणि आणखी तीन-चारशे ग्रॅम टांगले तरी ट्रिगर सुटत नसेल, तर तू विनाकारण जास्त ओझं ओढतेयस. ते कमी करून घेता येतं.

ग्रिपची आणखी एक परीक्षा आहे, तिला गोळी लागत नाही. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री कर, मॅगझिन बाहेर, नळी टार्गेटकडे. डोळे मिट, हात उचल, जिथे सुखाने थांबेल तिथे थांबव आणि मग डोळे उघड. फ्रंट साइट खाचेत बरोबर मध्ये दिसायला हवी. दर वेळी ती खाचेच्या खालीच बुडालेली दिसत असेल, तर तुझं मनगट मुळातच खाली झुकलेल्या जागी आराम शोधतंय, आणि प्रत्येक शॉटला तू ते स्नायूंच्या जोरावर वर उचलून धरतेस. सीरिजच्या शेवटच्या शॉटला तो जोर संपतो. याचा उपाय ग्रिपला पुट्टी लावून तळव्याचा कोन बदलणं. क्लबच्या ग्रिपला पुट्टी लावायची असेल तर आधी परवानगी घे.

यंत्राचा दोष मी अगदीच नाकारत नाही. पण तो तपासायला एक सकाळ पुरते. क्लिक परत खाली घेतल्यावर वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, घाई न करता, एका टार्गेटवर दहा शॉट मार. मग तेच पिस्तूल एखाद्या अनुभवी नेमबाजाला दे आणि दहा शॉट मारायला सांग. त्यांचा ग्रुप तुझ्यापेक्षा थोडा वर-खाली असेल तर घाबरू नकोस, दोन माणसांची पकड आणि डोळा सारखा नसतो. बघायचं एवढंच, ग्रुप आवळून येतो का. दोघींचाही ग्रुप आवळलेला आला आणि खाली आला, तर मैत्रिणीचं म्हणणं खरं, तेव्हा खुशाल क्लिक वर घे. ग्रुप विखुरलेला आला तर रिअर साइटचा स्क्रू आणि ग्रिपचा स्क्रू ढिले आहेत का बघ, काडतुसांचा ब्रँड बदलून बघ.

क्लबच्या पिस्तुलाची अजून एक गोष्ट आहे, ती फार जण विसरतात. ते पिस्तूल तू एकटी वापरत नाहीस. काल संध्याकाळी कुणीतरी त्याची साइट फिरवून गेलेलं असू शकतं. रिअर साइट पूर्ण खाली नेऊन तिथून तुझ्या जागेपर्यंत किती क्लिक होतात ते मोज आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. रोज सरावाच्या आधी मोजूनच सुरुवात कर.

आता नेम कुठे धरतेस त्याबद्दल. प्रिसिजनला आपल्यातले बहुतेक जण काळ्या गोलाच्या खाली, पांढऱ्यात नेम धरतात आणि साइट अशी लावतात की गोळी वर मध्यात जाईल. काळ्यावर काळी साइट दिसत नाही, पांढऱ्यावर तिची वरची कड स्वच्छ दिसते, म्हणून. रॅपिडचं टार्गेट निराळं. तिथे काळा गोल 500 मिलीमीटरचा, प्रिसिजनच्या 200 च्या अडीचपट, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या आडव्या रेघा. तिथे पुष्कळ जण सरळ मध्यावर नेम धरतात आणि त्यासाठी साइट खाली घेतात. ती साइट तशीच ठेवून कुणी प्रिसिजनला उभं राहिलं आणि नेम काळ्याखाली धरला, तर पाचही शॉट सुंदर ग्रुप करून खाली जातात. तुझं दुखणं हे नाही, कारण तुझा ग्रुपच होत नाहीये. पण दोन्ही टप्प्यांचे तुझे क्लिक वेगवेगळे आहेत की एकच, ते तू लिहिलं नाहीस. एकच असतील आणि रॅपिडला तू मध्यावर नेम धरत असशील, तर गोळी वर जायला हवी. ती खाली जातेय, म्हणजे रॅपिडचं दुखणं दिसतं त्याहून मोठं आहे.

आणि ते दुखणं वेगळं आहे. तू फार नीट निरीक्षण केलंयस: प्रिसिजनला खाली-डावीकडे, रॅपिडला सरळ खाली. एकच दोष असता तर दोन्हीकडे डावीकडे गेली असती. रॅपिडला हात 45 अंशांवर खाली असतो, टार्गेट 3 सेकंद समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एकच शॉट मारायचा, मग 7 सेकंद थांबायचं. 3 सेकंद म्हणजे फार कमी वेळ असं तुला वाटतं, म्हणून हात वर जात असतानाच ट्रिगर सुटतो. हात अजून पोचलेला नसतो, म्हणून गोळी सरळ खाली. माझा अंदाज आहे की तुझे शॉट दुसरा सेकंद संपायच्या आतच सुटतायत. सरांना मोबाइलच्या घड्याळावर मोजायला सांग. तसं असेल तर पूर्ण अडीच सेकंद वापरायला शिक. उचलताना पहिली ओढ घे, डोळा फ्रंट साइटवर आण, हात थांबू दे, आणि मग दाब वाढव. पहिले पंधरा दिवस टार्गेट वळून गेल्यावर शॉट सुटला तरी चालेल. उशिरा सुटलेला चांगला शॉट पुढे लवकर आणता येतो. लवकर सुटलेला वाईट शॉट सुधारायला वर्ष जातं.

रॅपिडकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण या प्रकाराची अंतिम फेरी पूर्ण रॅपिडचीच असते. तिथे 10.2 किंवा त्याहून वर लागलं तर एक गुण, नाहीतर शून्य. तुझ्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं, ते 34–34 अशा बरोबरीनंतर शूट-ऑफमध्ये. शूट-ऑफ म्हणजे पुन्हा तेच: हात खाली, टार्गेट समोर, 3 सेकंद, आणि हात पोचेपर्यंत बोटाने धीर धरणं.

आता थोडं डोळ्यांविषयी. हे मी स्वतःच्या अनुभवातून सांगते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्याही गोळ्या खाली जायला लागल्या. सहा महिने मी पकड बदलली, उभं राहणं बदललं, क्लिक वर घेतले, परत खाली आणले. एके दिवशी एका ज्येष्ठ बाईंनी मला कोऱ्या कागदावर दहा शॉट मारायला लावले. टार्गेट उलटं लावलं, काळा गोलच नाही. ग्रुप निम्म्यावर आला. जवळचं दिसायला मला त्रास होऊ लागला होता. फ्रंट साइट अंधूक झाली म्हणून डोळा नकळत टार्गेटकडे पळत होता, आणि साइट खाचेत खाली बुडत होती तरी मला दिसत नव्हती. तुझं वय 21 आहे, चाळिशीचा चष्मा तुला नको. पण डोळा टार्गेटकडे पळण्याची खोड कुठल्याही वयात लागते. जुने लोक फ्रंट साइटला माशी म्हणत. माशीची वरची कड, खाचेच्या दोन्ही कडांच्या रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि टार्गेट अंधूक. टार्गेट स्वच्छ दिसत असेल तर तू चुकीच्या जागी बघतेयस. दर सरावाची सुरुवात कोऱ्या कागदावरच्या दहा शॉटनी कर. नेम धरायला काही नसतं, म्हणून ‹आत्ता मार› ची घाईही नसते.

उघड्या रेंजवर सरावत असशील तर उन्हाचाही विचार कर. साइटच्या कडेवर ऊन चमकलं की तिची उंची डोळ्याला फसवते आणि ग्रुप वर-खाली सरकतो. सकाळचा ग्रुप आणि दुपारचा ग्रुप एकाच पानावर तोलू नकोस. साइट चमकत असेल तर पूर्वीपासून कापराची काजळी धरायची पद्धत आहे, पण पिस्तूल रिकामं, काडतुसं लांब, आणि सरांच्या देखत.

तुझ्या रेंजच्या भिंतीवर तो गोल तक्ता लावलेला असेल, गोळी कुठे गेली की चूक काय, असे पाचर-पाचर भाग केलेला. तो वाईट नाही. पण एक शॉट बघून त्यातून निदान काढणं मला पटत नाही. तो एका हाताने मारणाऱ्या उजव्या माणसासाठी आहे, आणि साइट बरोबर लागलेली आहे असं धरून केलेला आहे. तू आठ क्लिक वर असताना तो तक्ता बघितलास तर तो तुला सांगेल की तुझं मनगट वर उडतंय, आणि तू नसलेला आजार बरा करत बसशील.

तक्त्यापेक्षा वही बरी. प्रत्येक शॉट सुटला की मॉनिटरकडे किंवा दुर्बिणीकडे बघण्याआधी, साइट शेवटची कुठे दिसली त्यावरून तोंडाने म्हण: ‹नऊ, सहाला.› ‹दहा.› ‹दिसलं नाही.› मग बघ आणि दोन्ही लिही, शॉटच्या क्रमांकासकट. मोकळेपणाने लिही, कुणी तपासणार नाही. तुझं म्हणणं आणि टार्गेट जुळत असतील तर तुला साइट दिसतेय आणि चूक होल्डची, म्हणजे हात स्थिर धरण्याची, आहे. तू ‹दहा› म्हणालीस आणि सात निघाला, तर चूक तुला न दिसणाऱ्या शेवटच्या क्षणात आहे, म्हणजे ट्रिगर आणि दचकणं. ‹दिसलं नाही› जास्त वेळा येत असेल तर डोळा मिटतोय किंवा टार्गेटकडे पळतोय. आणि पहिले दोन शॉट बरे, चौथा-पाचवा खाली असा क्रम सापडला, तर तू दमतेयस, किंवा एकेका शॉटला फार वेळ धरून बसतेस. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. प्रिसिजनच्या पाच शॉटना 5 मिनिटं मिळतात, एवढ्या वेळात दोनदा नेम सोडून दिला तरी काही बिघडत नाही. नेम सोडून देता येणं ही मी शिकवते त्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

शॉटनंतर लगेच हात पाडू नकोस. गोळी गेली तरी एक-दोन सेकंद साइट परत खाचेत आणून बघत राहा. एअरमध्ये हे तू करत असशीलच. .22 मध्ये आवाज झाला की ‹झालं› असं वाटून हात आणि मान दोन्ही सुटतात, आणि काही दिवसांनी ते आवाजाच्या आधीच सुटायला लागतात.

घरचा सराव: .22 चं पिस्तूल रिकाम्या नळीवर ‹टक् टक्› करत बसू नकोस. या काडतुसात फायरिंग पिन काठावर आदळते, आणि आत काही नसेल तर ती नळीच्याच काठावर आदळून तिथे खड्डा पाडते. पिस्तुलात ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर दाबण्याची, सोय असेल तर ती, नाहीतर डमी राउंड, आणि तेही रेंजवर. घरी एअर पिस्तूल असेल तर त्याच्यावर रोज वीस मिनिटं, समोर कोरी भिंत, खोलीत एकही छर्रा नाही. डोळा माशीवर, मूठ सारखी, आणि ट्रिगर सुटताना माशी जागची हलली का एवढंच बघायचं. शंभर वेळा नको. तीस वेळा, पण प्रत्येक वेळी खरी.

पहिले तीन आठवडे गुणांची बेरीज करू नकोस. क्लिक खाली आल्यावर ती कमीच दिसणार आहे आणि तुला परत साइटला हात लावावासा वाटेल. लावू नकोस. त्या तीन आठवड्यांत डमीवरची डुचकी कमी झालेली दिसायला हवी, आणि ‹दहा› म्हटल्यावर सात निघण्याचे प्रसंगही. नंतरही ग्रुप आवळून थोडा खाली राहत असेल, तर एक किंवा दोन क्लिक, सरांना विचारून. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात एकही नाही.

वहीची बारा-पंधरा सीरिजची पानं भरली की फोटो काढून मला पाठव. तू उजव्या हाताची की डावखुरी, रॅपिडचे क्लिक वेगळे आहेत का, आणि अनुभवी नेमबाजाने तुझ्या पिस्तुलावर मारलेला ग्रुप कसा आला, हेही त्यासोबत लिही.